मुरबाडचा उसना सिलिंडर

शहापूर-मुरबाडकडे हवापालटाला म्हणून कोणी जात नाही. आम्ही नाशिककर रेल्वेने मुंबईला निघालो की कसाऱ्याचा घाट उतरल्यावर डाव्या खिडकीतून डोंगरांची एक रांग आणि तिच्या पायथ्याला भाताची खाचरं दिसतात, तो हा मुलूख. दिसतो, आणि डबा उघडून पोळीभाजी खाईपर्यंत मागे पडतो. मी एका कचेरीत नकाशे उतरवून काढायचं काम करतो. या मुलखातले ओढे, पायवाटा आणि पाडे माझ्या निबेखालून इतक्या वेळा गेले होते, की ते खरोखरच आहेत का हे एकदा बघून यावं असं मला वाटू लागलं. लढाईचे दिवस होते, पेट्रोल कुपनावर मिळायचं. पावसाळाभर मी कुपनं साठवली आणि भातं कापणीला आली तेव्हा रजा टाकून निघालो.

सोबतीला कोणी नव्हतं. लग्न मी केलं नाही, आई होती ती गेली, आणि कचेरीतल्या मित्रांना फटफटीच्या मागच्या सीटपेक्षा घरचा पाट बरा वाटतो. त्यांचं काही चुकतं असंही नाही. माझी फटफटी जुनी, विलायती बनावटीची, एका सिलिंडरची. तिच्यावर माझा जीव आहे हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी एवढा हवालदिल का झालो ते वाचणाऱ्याला कळेल. संध्याकाळी खोलीवर एकट्याने बसवत नाही तेव्हा मी तिला बाहेर काढतो आणि गंगापूरच्या रस्त्याला लागतो. पेट्रोल नसलं तर नुसती पुसत बसतो. ती नसती तर त्या संध्याकाळींचं मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही.

कसारा, शहापूर

घाट उतरताना नाशकाची कोरडी थंडी वरच राहते आणि खाली अंगाला चिकटणारी ऊब सुरू होते. कसाऱ्याला स्टेशनाबाहेर चहा घेतला. चहावाल्याने माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "एकलेच?" एवढंच म्हणाला आणि माझ्या मागच्या रिकाम्या सीटकडे बघत राहिला. हा प्रश्न मला पुढे प्रवासभर पुरला. आमच्याकडे देशावर वाटसरूला आधी जात विचारतात, मग गाव, मग कामधंदा. इकडे संगतीला कोण आहे ते विचारतात. कोणी नाही म्हटलं की माणसं पुढे काही विचारत नाहीत, गप्प होतात, आणि त्यांचं ते गप्प होणं प्रश्नापेक्षा जास्त लागतं.

शहापूरला पोचलो तेव्हा सगळा रस्ता गवताच्या गाड्यांनी अडला होता. इथलं गवत आसनगावच्या स्टेशनावरून मुंबईच्या म्हशींना जातं. गाडीवान गाडीवर उंच चढून झोपलेले आणि बैल आपले आपण चाललेले. धर्मशाळेत उतरलो. शेजारच्या ओवरीत घोटीकडचं एक कुटुंब होतं. त्यांच्या चुलीवर भाकरी भाजत होती, दोन मुलं भांडत होती, बाई दोघांनाही दटावत होती. मी भिंतीला टेकून तो गोंधळ ऐकत दशम्या खाल्ल्या. त्यांनी मला लोणच्याची फोड पाठवली. ती खाताना उगीचच डोळे भरून आले, आणि मी ते तिखटावर घातलं.

किन्हवलीच्या पुढे

शहापूर ते मुरबाड हा माझ्या नकाशात तुटक रेषेने दाखवलेला रस्ता आहे. तुटक रेषा म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी समजलं. दोन खोल चाकोऱ्या, मध्ये गवताचा उंचवटा, आणि चाकोऱ्यांत घोट्याएवढा फुफाटा. सबंध वाट पहिल्या गिअरमध्ये काढावी लागली. दोन्ही बाजूंना कापणी चालली होती. बाया ओळीने वाकलेल्या, पुरुष भारे डोक्यावर घेऊन खळ्याकडे धावत असलेले. ओल्या पेंढ्याचा तो वास मला इतका आवडला की इंजिनातून येणारा दुसरा वास ध्यानात यायला उशीर झाला. एका पाड्यावर पोचलो तेव्हा गाडी धूर टाकत होती. पहिल्या घरापुढे आंब्याची सावली बघून थांबलो.

घर बुधाजी नावाच्या शेतकऱ्याचं. तो खळ्यावरून धावत आला, त्याने घोंगडी अंथरली, मला बसवलं. आमच्याकडे उन्हातून आलेल्याला गूळपाणी देतात. इकडची रीत वेगळी. आधी पायांवर पाणी घालतात, मग प्यायला देतात. पाहुण्याच्या गाडीला बैल असले तर त्यांच्याही खुरांवर पाणी घालतात आणि मगच त्यांना दावणीला बांधतात. दाराशी आलेला जीव तापलेला राहू द्यायचा नाही, अशी ही समजूत आहे. ती मला नंतर कळली. बुधाजीची बायको हौसाबाई भरली कळशी घेऊन आली. माझ्या पायांकडे बघण्याआधी तिने आंब्याखाली धुरावणारी फटफटी बघितली. आणि मी चपला काढायला वाकलो एवढ्यात तिने ती सगळी कळशी इंजिनावर ओतली.

कडाड असा आवाज आला. वाफेचा लोट उठला.

"किती तापली व्हती बिचारी," हौसाबाई म्हणाली. तिच्या आवाजात खरी माया होती.

सिलिंडर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी पडलं तर काय होतं हे कोणत्याही बाईला माहीत असतं, पण तिच्या लेखी हा तवा नव्हता, दमून आलेलं जनावर होतं. वाफ विरल्यावर मी वाकून बघितलं. वरच्या कडेपासून निम्म्याखाली एक केसासारखी बारीक भेग गेली होती. किक मारली तर आतली हवा त्या भेगेतून फुसफुसत बाहेर यायची. मी तसाच मातीत बसलो, आणि हौसाबाईने दुसरी कळशी आणून माझ्या पायांवर घातली.

काय झालं ते बुधाजीला मी समजावून सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. बायकोला तो एक अक्षर बोलला नाही. खळ्यावर मळणी अर्धी टाकून त्याने बैल जुंपले, गाडीत पेंढा पसरला, आणि आम्ही दोघांनी फटफटी त्यावर आडवी निजवली. आलो त्याच वाटेने शहापूरला परत. हौसाबाई बरंच अंतर गाडीमागे चालत आली आणि मग एका बांधावर उभी राहिली. तिच्याशी दोन शब्द बोलावेत असं वाटलं, पण माझा राग अजून उतरला नव्हता.

आग्रारोडवर लॉऱ्या दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. त्याने सिलिंडर काढून भेगेवरून नख फिरवलं आणि मान हलवली. बिडाला इथे सांधा लागत नाही, लावला तरी आतून टिकणार नाही. नवा मागवायचा तर मुंबईत एकही नाही, जे येतं ते सगळं पलटणीकडे जातं. लढाई संपेपर्यंत गाडी झाकून ठेवा, असं त्याने सांगितलं. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. लढाई कधी संपणार हे कोणाला ठाऊक होतं? नाशकातली ती खोली, तो कंदील आणि पुढच्या सगळ्या संध्याकाळी माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

बुधाजी बैलांना गवत घालत हे ऐकत होता. तो पूर्वी एका कंत्राटदाराच्या कोळशाच्या गाड्या हाकायचा. त्याच कंत्राटदाराच्या लॉरीवर मुरबाडचा रघुनाथ म्हणून एक तरुण ड्रायव्हर होता. त्याने विलायतेला परत जाणाऱ्या एका जंगल-साहेबाकडून फटफटी घेतली होती.

"अशीच व्हती, अगदी अशीच," बुधाजी म्हणाला. "तो लढाईवर गेला. गाडी घरातच हाय. बगू तरी जाऊन."

मुरबाड

दुसऱ्या दिवशी पुन्हा बैलगाडी. तडकलेला सिलिंडर मी गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतला होता. मुरबाडच्या अलीकडे कोळशाच्या भट्ट्या धुमसत होत्या आणि त्यांच्या कडेला कातकऱ्यांची खोपटी होती. तिथली बायामाणसं काळ्या हातांनी पाट्या भरत होती. एकीने आमच्याकडे मान वर करून बघितलं आणि पुन्हा पाटी भरू लागली. दिवस कलताना आम्ही गावात शिरलो.

रघुनाथच्या घरी त्याचे वडील नारायणबाबा आणि बायको यमुना अशी दोघंच होती. रघुनाथ पलटणीत मोटार चालवायला म्हणून मलायाला गेला होता. तिकडे जपानी आले आणि त्यानंतर त्याची काही खबर नव्हती. सरकार तो मेला म्हणत नव्हतं, आहे असंही म्हणत नव्हतं. हे सगळं नारायणबाबांनी पडवीत सुपारी कातरत सांगितलं. यमुना दाराआड उभी होती. पंचविशीच्या आतबाहेरची, कपाळावर ठसठशीत कुंकू.

फटफटी गोठ्याच्या शेजारच्या खोलीत होती. मी ती बघितली आणि बघतच राहिलो. लढाई सुरू झाल्यापासून इतकी स्वच्छ गाडी मी पाहिली नव्हती. हँडलला दसऱ्याची झेंडूची माळ सुकलेली होती. जाताना रघुनाथ सांगून गेला होता की प्लगच्या भोकातून थेंबभर तेल सोडत जा आणि दर शनिवारी किकवर पाय मारत जा, म्हणजे ती आतून गंजणार नाही. म्हाताऱ्याला ते जमेना. म्हणून दर शनिवारी यमुना लुगड्याचा काचा घट्ट खोवून अनवाणी पायाने किक मारायची. गाडी चालू व्हावी म्हणून नव्हे. पेट्रोल तिच्यात नव्हतंच.

सिलिंडर माझाच होता, म्हणजे हुबेहूब तोच. या घरात मी काय मागायला आलो आहे, हे मला तेव्हा समजलं. ज्याच्या वाटेकडे डोळे लावून ही गाडी ठेवली आहे, तो येणार नाही असं धरून चालल्याशिवाय हे मागताच येत नव्हतं. मी बुधाजीला खुणेने गप्प राहायला सांगितलं. पण आपल्या बायकोच्या हातून झालेलं नुकसान त्याच्या डोक्यावर बसलं होतं. त्याने सगळं सरळ सांगून टाकलं, कळशीपासून.

नारायणबाबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. मग म्हणाले, न्या, गाडी नुसती पडून काय कामाची?

दाराआडून यमुना म्हणाली, "पडून नाय. ठेवलीय."

दिवेलागण झाली. तिने आम्हाला जेवायला वाढलं. तांदळाची भाकर, वालाचं बिरडं, बुधाजीला वर भाजलेला सुका बोंबील. वालाला आमच्याकडे असा कडवटगोड सुवास नसतो. त्या घरात तीन माणसं जेवत होती आणि चौथी वाढत होती, आणि कितीतरी दिवसांनी मी कोणाच्या तरी पंगतीला बसलो होतो. तरी सकाळी उठून गुपचूप निघायचं असं मी ठरवलं.

सकाळी पडवीत आलो तर यमुना आधीच तिथे बसली होती. पुढ्यात रघुनाथच्या पान्यांची गुंडाळी उलगडून ठेवलेली होती. तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "दिवे लागल्यावर उसनं देत नाय आमच्यात. म्हनून काल बोलले नाय."

मी म्हणालो, "वहिनी, नको. मी करीन माझं काहीतरी."

"विकत देत नाय मी, भाऊ. उसना न्या."

या उसन्याबद्दल थोडं सांगायला हवं. शहरात आपण उसनं हा शब्द पैशासाठी वापरतो आणि घेणारा देणाऱ्याला टाळतो. इकडे मीठ, पीठ, विस्तव, बी-बियाणं सगळं एकमेकांकडून उसनं चालतं. देणाऱ्याने परत मागायचं नसतं. घेणाऱ्याने आपण होऊन आणून द्यायचं असतं, आणि भांडं रिकामं आणायचं नसतं. उसनं गेलेली वस्तू घरातून गेली असं कोणी समजत नाही. ती फक्त दुसऱ्याच्या घरी असते.

मी गाडी उघडली. सुटलेली एकेक चाकी, म्हणजे नट, यमुना ओंजळीत घेत होती आणि क्रमाने सुपात मांडत होती. सिलिंडर वर उचलला तेव्हा आतली भिंत तेलाने चमकत होती, एक ओरखडा नाही. तिने पदराने तो बाहेरून पुसला. मग माझ्या गोणपाटाकडे बोट करून म्हणाली, "ह्याच्या जागी तुमचा बसवा."

"तडकलेला आहे, वहिनी. शनिवारी किक मारलीत तर नुसता फुसका आवाज येईल."

"येऊं दे. उघडी नको दिसाया."

मी माझा फुटका सिलिंडर रघुनाथच्या गाडीवर बसवला आणि सगळ्या चाक्या आवळल्या. लांबून बघितलं तर काही कळत नव्हतं. यमुनाने सुकलेली माळ पुन्हा सारखी केली.

शहापूरला मिस्त्रीने तो सिलिंडर चढवला आणि गाडी पहिल्याच किकला चालू झाली. बुधाजी आनंदाने हसला. मी त्याला म्हणालो की हौसाबाईंना सांग, माझा राग नाही. खरंच उरला नव्हता. टोकावडं बघायचं, तिथून माळशेजची भिंत खालून बघायची असं ठरवून आलो होतो, ते सगळं राहिलं. सरळ घाट चढून घरी आलो. गाडी पूर्वीपेक्षा चांगली चालत होती, आणि मला पूर्वीसारखं तिच्यावर बसवत नव्हतं. कोणाच्या तरी जागेवर बसल्यासारखं वाटायचं.

पुन्हा मुरबाड

लढाई संपली. मुंबईच्या दुकानांतून सुटे भाग पुन्हा दिसू लागले, तसा मी नवा सिलिंडर आणवला आणि पुढच्या हिवाळ्यात उसना परत करायला निघालो. भांडं रिकामं द्यायचं नाही म्हणून त्याच्या पोटात मनुकांची पुडी ठेवली. वाटेत बुधाजीकडे थांबलो. या वेळी इंजिन गार होईपर्यंत मी स्वतः फटफटीपुढे उभा राहिलो आणि हौसाबाई तोंडाला पदर लावून हसली. पण बुधाजीने सांगितलेलं ऐकून माझं हसू मावळलं. मलायातले कैदी परत आले होते. शहापूरला एक, किन्हवलीकडे एक. त्यातला शहापूरचा रघुनाथबरोबर होता. त्याने सांगितलं की जपान्यांनी कामासाठी टोळ्या पाडल्या, रघुनाथला दुसरीकडे नेलं, त्यापुढे आपल्याला माहीत नाही. नारायणबाबा कैदी परतले त्याच वर्षी वारले. भावकी यमुनाला म्हणत होती की आता त्याचं दिवसकार्य करून टाकू. ती ऐकत नव्हती.

यमुना पडवीत भात पाखडत होती. कुंकू होतं. थोडी वाळली होती. मी गोणपाट तिच्यापुढे ठेवला आणि सांगितलं की मला नवा मिळाला, तुमचा परत आणला आहे, सांगाल तर आत्ता बसवून देतो. तिने गाठ सोडली, मनुकांची पुडी काढून घेतली, आणि गाठ पुन्हा मारली.

"तुमी आनलात कशाला?" ती म्हणाली.

मी म्हणालो की उसना होता, परत द्यायलाच हवा.

"ते आले की पयले गाडी बगतील. लगेच कळंल त्यांना. इचारतील, माझा कुठं हाय? मी सांगीन, नाशकाला हाय, भाऊंकडं, जाऊन आना." ती सावकाश, पुष्कळदा मनात म्हणून झालेलं बोलावं तशी बोलत होती. "हा इथं आला तर मग त्यांना निरोप कसला सांगू मी?"

तिला सगळं माहीत होतं. शहापूरच्या माणसाने तिलाही तेच सांगितलं होतं. गोणपाट तिने माझ्याकडे सरकवला. मी तो उचलून मांडीवर घेतला, तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"तुमी घरीच असता ना, भाऊ?"

आई गेल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "असतो."

सिलिंडर आता माझ्या खोलीत फळीवर आहे. दर शनिवारी मी त्याला तेलाचा हात लावतो. संध्याकाळी फटफटी काढली की शेजारच्या काकूंना सांगून जातो, मुरबाडहून रघुनाथ नावाचे कोणी आले तर त्यांना बसवून घ्या, चहा द्या, मी लवकरच येतो. सुरुवातीला काकू विचारायच्या की हे कोण तुमचे. आता विचारत नाहीत. मी परत येऊन गाडी उभी केली, की कडी काढायच्या आत त्याच आपण होऊन दारातून सांगतात, "आज कोणी आलं नव्हतं हो."